विगान: शिंपल्यांच्या खिडक्यांचे गाव

फिलिपिन्समधील लुझॉन बेटाच्या वायव्य किनाऱ्यावर, राजधानी मनिलापासून सुमारे ४०० किलोमीटर उत्तरेला विगान हे छोटे शहर आहे. इलोकोस सुर या प्रांताचे ते मुख्य ठाणे. लोकवस्ती पन्नास हजारांच्या आसपास, बोलीभाषा इलोकानो आणि बहुसंख्य लोक रोमन कॅथलिक. स्पॅनिश सत्तेच्या काळात आशियात आखून वसवलेल्या गावांपैकी आजही जवळजवळ अखंड राहिलेले गाव म्हणून विगान ओळखले जाते. १९९९ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. जुन्या गावाचा संरक्षित गाभा अवघा १७ हेक्टरांचा आहे. त्यात २५ रस्ते आणि २३३ ऐतिहासिक इमारती दाटीवाटीने उभ्या आहेत. रस्त्यांची आखणी स्पॅनिश, घरांचे मालक बहुतेक चिनी वंशाचे, बांधणारे कारागीर स्थानिक इलोकानो, आणि घरात नांदणारी संस्कृती या तिघांच्या मिश्रणातून तयार झालेली. या मिश्रणामुळेच विगानचे रूप स्पेनमधल्या किंवा मेक्सिकोमधल्या कोणत्याही गावासारखे नाही.

नदीमुखावरची जागा

विगानचा इतिहास नदीपासून सुरू होतो. पूर्वेकडच्या कोर्दिलेरा पर्वतरांगांतून उतरणारी आब्रा नदी येथे दक्षिण चीन समुद्राला मिळते. तिच्या त्रिभुज प्रदेशात, मेस्तिसो आणि गोव्हान्तेस या प्रवाहांच्या वेढ्यात हे गाव वसले. एके काळी त्याला बेटाचेच रूप होते. समुद्रातून आलेली गलबते नदीमुखावर थांबत आणि लहान होड्या माल घेऊन थेट गावापर्यंत येत. स्पॅनिश लोक येण्याच्या बऱ्याच आधीपासून चीनच्या फुकियन किनाऱ्यावरचे व्यापारी येथे येत असत. डोंगरातल्या जमाती सोने आणि मेण घेऊन खाली उतरत. चिनी व्यापारी त्याच्या बदल्यात रेशीम आणि चिनी मातीची भांडी देत. डोंगर, नदी आणि समुद्र यांच्या सांध्यावरची ही बाजारपेठ होती.

गावाच्या नावाबद्दल दोन मते सांगितली जातात. नदीकाठी ‘बिगाआ’ नावाची एक वनस्पती भरपूर वाढत असे. ती अळूच्या कुळातली, मोठाल्या पानांची. हिच्यावरून गावाला नाव पडले, असे स्थानिक लोक मानतात. स्पॅनिश भाषेत ‘व’ आणि ‘ब’ यांच्या उच्चारात फरक नसल्याने लिहिताना ‘बि’चा ‘वि’ झाला. दुसऱ्या मतानुसार हे नाव चिनी व्यापाऱ्यांच्या बोलीतले असून त्याचा अर्थ ‘सुंदर किनारा’ असा होतो. दोन्ही मतांत नदीचा काठ आहे, ही लक्षात घेण्याजोगी गोष्ट.

स्थापना

फिलिपिन्समध्ये स्पॅनिश सत्तेचा पाया मिगेल लोपेस दे लेगास्पी याने घातला. त्याचा नातू हुआन दे साल्सेदो मेक्सिकोत जन्मलेला. १५७२ च्या मे महिन्यात, वयाच्या तेविसाव्या वर्षाच्या आसपास, तो ४५ सैनिक घेऊन मनिलाहून उत्तरेकडे निघाला आणि जूनमध्ये विगानला पोहोचला. १५७४ साली त्याने येथे रीतसर स्पॅनिश वसाहत स्थापन केली. राजा फेलिपे दुसरा याच्या फर्नांदो या लहानग्या मुलाच्या सन्मानार्थ तिचे नाव ‘व्हिया फर्नांदिना’ ठेवले. त्याच वर्षाच्या अखेरीस लिमाहोंग या चिनी समुद्री लुटारूच्या ताफ्याने मनिलावर हल्ला केला. तेव्हा साल्सेदो आपली तुकडी घेऊन राजधानीच्या मदतीला धावला. १५७६ च्या मार्चमध्ये तापाने त्याचा मृत्यू झाला. त्या वेळी तो तिशीतही पोहोचला नव्हता. गावाच्या मुख्य चौकाला आज त्याचेच नाव आहे.

विगानची आखणी समजून घ्यायची तर १५७३ साल महत्त्वाचे. त्या वर्षी फेलिपे दुसऱ्याने समुद्रापारच्या स्पॅनिश वसाहतींसाठी नगररचनेचे नियम जारी केले. गावाच्या मध्यभागी चौक असावा, चौकाभोवती चर्च आणि शासकीय इमारती असाव्यात, आणि चौकातून सरळ रस्ते निघून एकमेकांना काटकोनात छेदावेत, असा त्यांचा गाभा. मेक्सिकोपासून पेरूपर्यंत शेकडो गावे या नियमांनुसार उभी राहिली. विगान हे त्याच साच्याचे आशियातले रूप. मात्र येथे एका चौकाऐवजी दोन चौक आहेत. साल्सेदो चौक आणि बुर्गोस चौक मिळून इंग्रजी एल अक्षराचा आकार होतो आणि त्याच्या कोनात कॅथेड्रल उभे आहे. भोवती आर्चबिशपचा वाडा, नगरपालिका आणि प्रांताचे कार्यालय. चौकात उभ्या राहणाऱ्या माणसाला धर्मसत्ता आणि राजसत्ता एकाच नजरेत दिसावी, हाच या रचनेचा हेतू होता.

धर्मपीठ आणि भूकंप

उत्तर लुझॉनचे धर्मपीठ १५९५ पासून कागायान खोऱ्यातील लाल-लो येथे होते. १७५८ साली ते विगानला हलवण्यात आले आणि त्याबरोबर गावाला ‘सियुदाद फर्नांदिना’ हा शहराचा दर्जा मिळाला. गावाचे भाग्य या निर्णयाने पालटले. बिशपच्या मागोमाग धर्मगुरूंचे शिक्षण, लेखनिक, सुतार, मूर्तिकार, चांदीकाम करणारे कारागीर असा सारा परिवार येथे आला.

संत पॉल यांचे सध्याचे कॅथेड्रल १७९० ते १८०० या काळात बांधले गेले. फिलिपिन्सच्या भूमीवर भूकंप आणि वादळे नेहमीची. म्हणून युरोपातल्या चर्चसारखे उंच, निमुळते मनोरे येथे परवडणारे नव्हते. भिंती जाड, इमारत बुटकी आणि रुंद, बाजूंना भक्कम आधारभिंती, असे तिचे रूप आहे. अष्टकोनी घंटाघर मुख्य इमारतीपासून सुमारे १५ मीटर अंतर ठेवून उभारले आहे. मनोरा कोसळलाच तर तो चर्चच्या छतावर पडू नये, हा त्यामागचा विचार. युरोपातील बरोक शैलीच्या या स्थानिक अवताराला अभ्यासक ‘भूकंप-बरोक’ म्हणतात. शेजारच्या बांताय गावात टेकडीवर एकटा उभा असलेला विटांचा घंटामनोरा १५९१ सालचा मानला जातो. समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंवर नजर ठेवण्यासाठीही त्याचा उपयोग होई.

गलबते, कापड आणि तंबाखू

१५६५ ते १८१५ अशी अडीचशे वर्षे मनिला आणि मेक्सिकोतील आकापुल्को या बंदरांदरम्यान स्पॅनिश गलबतांची ये-जा चालू होती. चिनी रेशीम पूर्वेकडे जाई आणि मेक्सिकोची चांदी पश्चिमेकडे येई. विगान या मार्गावरचे मुख्य बंदर नव्हते, पण त्याला माल पुरवणाऱ्या केंद्रांपैकी ते महत्त्वाचे होते. इलोकोसचे जाडेभरडे, टिकाऊ सुती कापड गलबतांच्या शिडांसाठी वापरले जाई. याशिवाय नीळ, मेण, डोंगरातले सोने आणि पुढे तंबाखू येथून मनिलाला जाई.

हा व्यापार मुख्यतः चिनी व्यापाऱ्यांच्या आणि त्यांच्या वंशजांच्या हाती होता. स्पॅनिश लोक चिनी व्यापाऱ्यांना ‘सांगलेय’ म्हणत. त्यांच्या वस्तीला विगानमध्ये ‘कासांगलायान’ हे नाव पडले. अनेकांनी कॅथलिक धर्म स्वीकारला, इलोकानो स्त्रियांशी लग्ने केली आणि चिनी नावांना स्पॅनिश वळण दिले. त्यांच्या मुलाबाळांचा ‘मेस्तिसो’ हा नवा वर्ग तयार झाला. हे लोक घरात इलोकानो बोलत, चर्चमध्ये लॅटिन ऐकत, सरकारदरबारी स्पॅनिश वापरत आणि जमाखर्चात पूर्वजांची चिकाटी ठेवत. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात निळीच्या आणि तंबाखूच्या व्यापारातून त्यांच्याकडे पैसा आला. त्याच पैशातून विगानची प्रसिद्ध घरे उभी राहिली.

विगानचे घर

सध्याची बहुतेक घरे अठराव्या शतकाच्या मध्यापासून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत बांधलेली आहेत. घर दुमजली असते. तळमजला विटांचा आणि दगडांचा, जाड भिंतींचा, चुन्याचा गिलावा केलेला. वरचा मजला लाकडी खांबांवर पेललेला. छप्पर चिनी पद्धतीचे, चांगल्या उताराचे. पूर्वी त्यावर कौले असत, आता बऱ्याच घरांवर पत्रे आले आहेत. भूकंपात जड तळमजला पाया धरून ठेवतो आणि वरचा लाकडी सांगाडा थोडा हलून धक्का पचवतो. पुराचे पाणी आले तरी राहता मजला कोरडा राहतो. फिलिपिनो लोकांचे मूळचे घर बांबूचे, खांबांवर उंच उचललेले आणि गवताने शाकारलेले होते. विगानच्या वाड्यात त्याच घराचे तत्त्व दगड-विटांच्या वेष्टणात पुन्हा दिसते.

दरवाजा ओलांडला की ‘साग्वान’ नावाची फरसबंद, प्रशस्त देवडी लागते. घोडागाडी थेट आत यावी इतका दरवाजा उंच आणि रुंद असतो. चर्चच्या मिरवणुकीत निघणारे मूर्तींचे रथही याच जागेत ठेवलेले असतात. तळमजल्यावर कोठारे आणि दुकाने. तेथे धान्य, तंबाखू, कापड साठवले जाई. कुटुंब वरच्या मजल्यावर राहत असे. रुंद जिना चढून गेले की आधी बैठकीची जागा, मग ‘साला’ म्हणजे दिवाणखाना, त्याला लागून शयनगृहे, भोजनगृह आणि मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघराला जोडून ‘आसोतेया’ नावाची उघडी गच्ची असते. धुणी-भांडी, वाळवण अशी कामे तेथे चालत. जमिनीला रुंद फळ्या असत. त्या बहुधा नारा या झाडाच्या. हे झाड महाराष्ट्रातल्या बिबळ्याच्या जातकुळीतले. केळीच्या पानांनी घासून घासून या फळ्यांना आरशासारखी चकाकी आणली जाई.

या घरांचे सर्वांत देखणे अंग म्हणजे खिडक्या. लाकडी पट्ट्यांच्या बारीक चौकटी करून त्यांत काचेऐवजी ‘कापिस’ नावाच्या शिंपल्याच्या पातळ, चपट्या तकटी बसवलेल्या असतात. या तकटींतून ऊन गाळून आत येते आणि खोलीभर दुधी उजेड पसरतो. खिडकी रस्त्याच्या बाजूने जवळजवळ भिंतभर रुंद असते आणि खाचेतून सरकवता येते. तिच्या खाली कठड्याचे गज असलेली लहान खिडकी असते. मोठी खिडकी बंद असली तरी खालून वारा खेळत राहतो. अशाच शिंपल्यांच्या खिडक्या गोव्यातल्या जुन्या घरांत आढळतात आणि त्यांत वापरलेला शिंपला याच जातीचा आहे. काच महाग आणि दुर्मीळ असलेल्या काळात, पोर्तुगीजांच्या गोव्यात आणि स्पॅनिशांच्या विगानमध्ये, समुद्रकाठच्या कारागिरांनी उजेड आणि सावली यांचा मेळ एकाच वस्तूने घातला.

अशा घरांची सलग रांग पाहायची तर काये क्रिसोलोगो हा रस्ता. नाटककार आणि कवी मेना क्रिसोलोगो यांच्या नावाचा हा फरसबंद रस्ता सुमारे अर्धा किलोमीटर लांब आहे. त्यावर मोटारींना बंदी आहे. ‘कालेसा’ या घोडागाड्या मात्र धावतात.

बंडांचे गाव

स्पॅनिश वास्तूंचे हे गाव स्पॅनिश सत्तेविरुद्धच्या बंडांसाठीही तितकेच प्रसिद्ध आहे. सप्तवार्षिक युद्धाच्या काळात, १७६२ साली, मद्रासहून निघालेल्या ब्रिटिश आरमाराने मनिला जिंकून घेतले. स्पॅनिश सत्ता डळमळीत झाल्याचे पाहून दिएगो सिलांग याने इलोकोसमध्ये उठाव केला. जाचक कर आणि वेठबिगार यांनी लोक गांजलेले होतेच. सिलांगने विगान ताब्यात घेऊन ती स्वतंत्र इलोकोसची राजधानी असल्याचे घोषित केले. २८ मे १७६३ रोजी त्याच्याच ओळखीच्या मिगेल विकोस याने त्याला गोळी घालून मारले. त्याची पत्नी गाब्रिएला सिलांग हिने लढ्याची सूत्रे हाती घेतली. आब्राच्या डोंगरात माणसे जमवून तिने विगानवर चाल केली, पण ती पकडली गेली. २० सप्टेंबर १७६३ रोजी विगानमध्ये तिला फाशी देण्यात आले. आजच्या फिलिपिन्समध्ये स्त्रियांच्या चळवळी तिचे नाव अभिमानाने घेतात.

दुसरे बंड झाले ते पेयासाठी. उसाच्या रसापासून तयार होणारी ‘बासी’ ही वारुणी इलोकानो जीवनात मुरलेली. बारसे, लग्न, मर्तिक, पेरणी, कापणी यांपैकी काहीही तिच्याशिवाय होत नसे. सरकारने बासीचा मक्ता आपल्याकडे घेऊन घरोघरी ती तयार करण्यावर बंदी आणली आणि सरकारी दुकानातूनच विकत घेण्याची सक्ती केली. सप्टेंबर १८०७ मध्ये उत्तरेकडच्या पिद्दिग गावातून उठलेले बंडखोर विगानच्या दिशेने निघाले. २८ सप्टेंबरला बांताओआय नदीकाठी त्यांचा पराभव झाला. विगानच्या एस्तेबान व्हिलानुएव्हा या चित्रकाराने १८२१ साली या बंडावर १४ चित्रांची मालिका रंगवली. त्या काळी आकाशात दिसलेला धूमकेतूही त्यांत आहे. चित्रांत विजय सरकारी फौजेचा दाखवला असला, तरी त्यांच्यामुळेच हरलेल्या शेतकऱ्यांचे बंड लोकांच्या स्मरणात राहिले.

विगानची माणसे

होसे बुर्गोस यांचा जन्म १८३७ सालचा, विगानचा. मनिलात धर्मगुरू झाल्यावर त्यांनी फिलिपिनो धर्मगुरूंना स्पॅनिश धर्मगुरूंच्या बरोबरीचे हक्क मिळावेत म्हणून लेखणी चालवली. १८७२ च्या जानेवारीत काविते येथे शस्त्रागारातील कामगारांनी आणि सैनिकांनी बंड केले. त्यात सामील असल्याचा आरोप बुर्गोस, गोमेस आणि सामोरा या तीन धर्मगुरूंवर ठेवण्यात आला. १७ फेब्रुवारी १८७२ रोजी मनिलात तिघांनाही गळफासाच्या यंत्राने मारण्यात आले. त्या वेळी बुर्गोस पस्तीस वर्षांचे होते. या घटनेने फिलिपिनो राष्ट्रवादाला धार आली. होसे रिसाल यांनी आपली १८९१ सालची ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ ही कादंबरी या तिघांच्या स्मृतीस अर्पण केली. बुर्गोस यांच्या जन्मघरात आज संग्रहालय आहे.

लिओना फ्लोरेन्तिनो (१८४९–१८८४) ही विगानची कवयित्री. ती इलोकानो आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत लिहीत असे आणि फिलिपिन्समधील पहिल्या कवयित्रींत तिची गणना होते. कोवळ्या वयात लग्न, पुढे पतीपासून विभक्त राहणे आणि अकाली मृत्यू असे तिचे आयुष्य गेले. तिच्या मृत्यूनंतर, १८८७ साली माद्रिदच्या प्रदर्शनात तिच्या कविता मांडण्यात आल्या. तिचा मुलगा इसाबेलो दे लोस रेयेस याने १८८९ मध्ये इलोकानो भाषेतले वृत्तपत्र सुरू केले, फिलिपिनो लोकसाहित्याचा पहिला मोठा संग्रह प्रसिद्ध केला, १९०२ मध्ये देशातली पहिली कामगार संघटना उभारली आणि रोमशी नाते तोडणाऱ्या स्वतंत्र फिलिपिनो चर्चच्या स्थापनेतही पुढाकार घेतला. आईने बोलीभाषेला कवितेत प्रतिष्ठा दिली, मुलाने तीच भाषा वृत्तपत्रात आणि संशोधनात आणली.

देशाचे राष्ट्राध्यक्ष (१९४८–१९५३) एल्पिदियो किरीनो यांचा जन्मही येथलाच. वडील प्रांतिक तुरुंगाचे अधिकारी असल्याने १८९० साली ते तुरुंगाच्या इमारतीतच जन्मले. त्यांची पत्नी आलिसिया सिकिया ही विगानच्या चिनी मेस्तिसो घराण्यातली. तिच्या माहेरचा वाडा आज पर्यटकांना पाहता येतो.

माग, मडकी आणि मिरवणुका

विगानचा वारसा हातांच्या कौशल्यातही आहे. येथील हातमागाच्या कापडाला ‘आबेल’ म्हणतात. कामांगाआन आणि मिंदोरो या वस्त्यांत पायटी असलेल्या लाकडी मागांवर चादरी, ओढण्या, मेजाची वस्त्रे विणली जातात. ‘बिनाकुल’ हा या कापडाचा सर्वांत प्रसिद्ध नमुना. सरळ रेषा अशा रीतीने वळवलेल्या असतात की पाहताना भोवरा फिरल्याचा भास होतो. वाऱ्याला आणि दुष्ट शक्तींना चकवण्याचे सामर्थ्य या नमुन्यात असल्याचा जुना समज आहे. वादळांच्या किनाऱ्यावर आणि शिडांसाठी कापड विणणाऱ्या लोकांत असा समज रुजावा हे साहजिक आहे. इलोकानो भाषेत कापसाला ‘कापास’ म्हणतात. संस्कृतातला ‘कार्पास’ मलय भाषांच्या मार्गाने तेथे पोहोचला आणि मराठीत तोच ‘कापूस’ झाला. मे महिन्यातल्या कलामहोत्सवाला ‘बिनात्बातान’ हे नाव आहे. बांबूच्या काठ्यांनी कापूस झोडपून सरकी वेगळी करण्याच्या कामावरून ते पडले. या उत्सवात तेच काम नृत्यातून सादर केले जाते.

‘बुर्नाय’ ही विगानची काळपट तपकिरी, दणकट मडकी. ही कला चिनी स्थलांतरितांनी आणली. माती रेड्यांकडून तुडवून मळली जाते, चाकावर घडवली जाते आणि चढावर बांधलेल्या लांबलचक, बोगद्यासारख्या भट्टीत लाकडाच्या जाळावर भाजली जाते. उच्च तापमानामुळे भांडे इतके घट्ट होते की त्यातून थेंबही झिरपत नाही. बासी, उसाचे शिर्के आणि खारवलेली मासळी मुरवण्यासाठी ही मडकी लागतात. म्हणजे ऊस, मडके आणि स्वयंपाकघर हे एकाच साखळीचे दुवे आहेत.

विगानच्या जेवणातही अनेक देश भेटतात. ‘एम्पानादा’ नाव स्पॅनिश, आकार करंजीचा, पारी तांदळाच्या पिठाची आणि आत हिरव्या पपईचा कीस, अंडे आणि मसालेदार मांस. तळून झाल्यावर ती शिर्क्याबरोबर खातात. पपई मूळची अमेरिकेची. ती स्पॅनिश गलबतांबरोबरच या बेटांवर आली. लसूण आणि शिर्के घातलेले ‘लोंगानिसा’ हे सॉसेज स्पॅनिश परंपरेतले, पण चव अस्सल इलोकानो. ‘पोकी-पोकी’ हा पदार्थ मराठी माणसाला ओळखीचा वाटेल. भाजून सोललेले वांगे, कांदा आणि टोमॅटो यांच्या भरतात तेथे अंडे फोडून घालतात.

सणांचे वर्ष २५ जानेवारीला संत पॉल यांच्या उत्सवाने सुरू होते. सर्वांत भारावून टाकणारा काळ मात्र ईस्टरपूर्वीच्या पवित्र आठवड्याचा. पिढ्यानुपिढ्या जपलेल्या लाकडी मूर्ती वस्त्राभूषणांनी सजवून, फुलांनी आणि दिव्यांनी मढवलेल्या रथांतून मिरवल्या जातात. प्रत्येक मूर्तीची सेवा ठरावीक घराण्याकडे असते. मनिलात किंवा परदेशात स्थायिक झालेली माणसेही त्या आठवड्यात घरी परततात. अनेक वाडे टिकून राहण्यामागे ही सेवेची परंपराही आहे.

ऱ्हास आणि जतन

स्पॅनिश सत्ता १८९८ मध्ये संपली. पाठोपाठ नोव्हेंबर १८९९ मध्ये अमेरिकन फौजा विगानला उतरल्या. दुसऱ्या महायुद्धात, १० डिसेंबर १९४१ रोजी, जपानी सैन्याने येथे पाय ठेवला. १९४५ मध्ये मनिलाचा जुना स्पॅनिश गाभा बेचिराख झाला, पण विगान वाचले. याबद्दल गावात एक कथा सांगतात. माघार घेणाऱ्या एका जपानी अधिकाऱ्याने आपल्या फिलिपिनो पत्नीला आणि मुलांना जर्मन धर्मगुरूच्या हवाली केले. गाव न जाळण्याच्या अटीवर धर्मगुरूने त्यांचे रक्षण करण्याचे वचन दिले, अशी ती कथा आहे.

व्यापार मात्र त्याआधीच ओसरला होता. गाळ साचून नदीचे प्रवाह उथळ झाले, होड्यांची वाट बंद झाली आणि रस्ते व रेल्वे दुसरीकडून गेल्या. या उपेक्षेचा एक अनपेक्षित लाभ झाला. घरे पाडून नव्या इमारती बांधण्याइतका पैसा गावात उरला नव्हता, म्हणून जुनी घरे उभी राहिली. त्यानंतरची दशके कठीण गेली. १९७० मध्ये राजकीय वैरातून एका लोकप्रतिनिधीची कॅथेड्रलमध्येच हत्या झाली. हिंसाचाराच्या भीतीने अनेक कुटुंबे गाव सोडून गेली. वाडे ओस पडले आणि जुने लाकूडसामान विकले जाऊ लागले.

परिस्थिती बदलली ती १९९० नंतर. नगरपालिकेने वारसाक्षेत्राच्या सीमा ठरवल्या, दुरुस्तीचे नियम केले, घरमालकांना विश्वासात घेतले आणि वाड्यांच्या देखभालीची मार्गदर्शक पुस्तिका काढली. मुख्य रस्त्यावरची वाहने बंद केली. हातमाग आणि कुंभारकाम यांना बाजार मिळवून दिला. शाळांच्या अभ्यासात स्थानिक इतिहास आणला. १९९९ मध्ये युनेस्कोची मान्यता मिळाली, २००१ मध्ये शहराचा दर्जा परत आला आणि २०१२ मध्ये वारसास्थळाच्या उत्तम व्यवस्थापनाचे उदाहरण म्हणून युनेस्कोने विगानचा गौरव केला. २७ जुलै २०२२ रोजी आब्रा प्रांतात ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. तेव्हा विगानमधील अनेक जुन्या घरांची आणि बांतायच्या मनोऱ्याची पडझड झाली. जुनी वीट, चुना आणि लाकूड यांचे काम जाणणारे गवंडी आणि सुतार गावात असणे किती गरजेचे आहे, हे अशा वेळी कळते.

विगानची आखणी राजाच्या फर्मानाने झाली, पण त्या आखणीत प्राण भरला तो नदीकाठच्या विणकरांनी, चिनी व्यापाऱ्यांच्या वंशजांनी, कुंभारांनी, बंडखोरांनी आणि कवींनी. शिंपल्यांच्या खिडक्यांमागे आजही कुटुंबे राहतात, माग चालतात, भट्ट्या पेटतात आणि पवित्र आठवड्यात साग्वानमधून मूर्तींचे रथ बाहेर पडतात. वसाहतकाळातली अनेक गावे इमारतींपुरती उरली. विगान हे राहत्या माणसांचे गाव म्हणून टिकले, आणि त्याचे खरे वारसामूल्य यातच आहे.